बटणांच्या डब्यातला रोटर

लिफ्ट तपासणारी बाई स्वतः तळमजल्यावर राहते, याचं लोकांना भारी हसू येतं. येऊ दे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दरवाजे बघत आले आहे. घरी आल्यावर मला पायाखाली जमीन लागते, पोकळी नाही. माझ्या कामाचा एक साधा नियम आहे. लिफ्ट विनाकारण थांबली किंवा विनाकारण चालू लागली, तर ती बंद ठेवायची. कारण सापडेपर्यंत बंद. मालक कितीही गयावया करो, वरच्या मजल्यावरचे आजोबा कितीही बडबड करोत, मी या नियमाला कधी मुरड घातलेली नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात हा नियम येतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आई न्हाणीघरात पडली तिथून सगळं सुरू झालं. हाड मोडलं नाही, पण ती बराच वेळ ओल्या फरशीवर पडून होती आणि हाक मारायला घरात कुणी नव्हतं. बाबा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या त्या घरात ती एकटी राहायची. मी दर आठवड्याला जाऊन "आता माझ्याकडे चल" म्हणून मागे लागायचे आणि ती दर आठवड्याला मला गोड बोलून वाटेला लावायची. या वेळी मात्र मी हट्टाला पेटले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पुढच्या वेळी मी दार उघडेन, ती फरशीवर असेल आणि उठणार नाही, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"बरं बाई, येते," आई शेवटी म्हणाली. तिचा विचार बदलायच्या आत मी टॅक्सी बोलवायला फोन उचलला.

"टॅक्सीतून नाही. आपल्या गाडीतून येईन."

"आई, ती गाडी झाकून ठेवल्याला किती वर्षं झाली?"

"मग उघड."

"चालेल का ती?"

"न चालायला काय झालं? ती कुठे न्हाणीघरात पडलीय?"

आपली गाडी म्हणजे बदामी. रंगावरून पडलेलं नाव. गोल दिवे, फुगीर गाल, आणि पुढे तोंडात लोखंडी हँडल घालून फिरवायची सोय. बाबांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि नव्या नवरीसारखी वागवली. बाबा दवाखान्यात एक्स-रे काढायचे. दिवसभर लोकांना "श्वास रोखा… सोडा" सांगून सांगून ते त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की गाडी सुरू करतानाही ते तेच म्हणायचे. "श्वास रोखा," म्हणत किल्ली फिरवायची. मागे मी, पुढे आई, दोघी गाल फुगवून बसायचो. इंजिन धरलं की बाबा म्हणायचे, "सोडा." हिवाळ्यात कधी कधी आमचा जीव जायची वेळ यायची.

त्यांची दुसरी सवय रोटरची. इंजिनाच्या बाजूला एक गोल टोपी असते, तिच्या आत हा रोटर बसतो. अंगठ्याएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळी पट्टी. ठिणगी कुठल्या सिलिंडरला द्यायची ते हा ठरवतो. तो काढून घेतला की राजाने जरी किल्ली फिरवली तरी गाडी हलणार नाही. एकदा आमच्या गल्लीतून कुणाची तरी गाडी चोरीला गेली, तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी घरी आले की रोटर काढायचे, रुमालाने पुसायचे आणि आईच्या हातात द्यायचे. आई तो तिच्या बटणांच्या डब्यात टाकायची. सकाळी चहा झाला की बाबांच्या बशीशेजारी रोटर ठेवलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात.

चोराची भीती केव्हाच संपली, सवय राहिली. आणि त्या सवयीतून आईच्या हाती जे हत्यार आलं त्याला तोड नव्हती. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं, की सकाळी बशीशेजारी रोटर नसायचा. बाबा बशीकडे बघायचे, चहा संपवायचे आणि मुकाट्याने बसने कामावर जायचे. मागायचे नाहीत. बसमध्ये त्यांना खिडकी लागायची, वारा नसला तर मळमळायचं, तरी मागायचे नाहीत. संध्याकाळी काहीबाही घेऊन यायचे, चाफ्याची फुलं, नाहीतर नुसताच एखादा विनोद. फार तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रोटर बशीशेजारी हजर. आईचा राग यापलीकडे कधी टिकलाच नाही.

नजर अधू झाली तेव्हा बाबांनी स्वतःहून गाडी बंद केली. पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, सिलिंडरमध्ये तेल सोडलं, चाकं जमिनीवर बसू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे दिले. सायलेन्सरच्या तोंडात स्वतःचा मोजा कोंबला, उंदीर शिरू नये म्हणून. आईने जुन्या चादरी जोडून झूल शिवली. पुढे शेवटच्या आजारापर्यंत ते रोज सकाळी हँडल घालून इंजिन चार वेढे फिरवायचे, आखडू नये म्हणून. "रविवारी लांब जाऊ," असं ते आईला आयुष्यभर म्हणत आले होते, आणि दर रविवारी काही ना काही निघायचं. गाडी झाकली तेव्हाही म्हणाले होते, "लांब जायचं राहिलंय, लक्षात आहे माझ्या."

जुन्या गाड्यांचं काम करणारा जो मेकॅनिक मला मिळाला, त्याला सगळे सर्जन म्हणतात. हातमोजे घालून काम करतो आणि गाडीला पेशंट म्हणतो. माणूस बोलघेवडा, स्वतःवर बेहद्द खूश, पण हात चांगला. आल्या आल्या आईने चहा पुढे केला, तर त्याने हात जोडले.

"चहा सोडलाय, आजी. पित्त. मी आपलं गरम पाणी घेऊन हिंडतो." त्याने थर्मास दाखवला.

तो गॅरेजकडे वळल्यावर आई मला म्हणाली, "चहा न पिणारा माणूस गाडी काय दुरुस्त करणार!"

गॅरेज घराला लागूनच. त्याची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. दार उघडलं तसा रबर, तेल आणि जुन्या कापडाचा वास आला, बाबांच्या सदऱ्याला यायचा तसा. मी क्षणभर तिथेच उभी राहिले. झुलीवर धूळ इतकी, की सर्जनने बोट ओढलं तर चर पडला. खोकत खोकत आम्ही झूल काढली. खाली बदामी तशीच होती, गोल डोळ्यांनी समोर बघत.

"पेशंट कोमात आहे," सर्जन म्हणाला. "आधीच सांगतो ताई, इंजिन जाम झालेलं असणार. तेल मुरवत ठेवावं लागेल. आजच्या आज काही होणं नाही."

भिंतीवरच्या हुकाला हँडल लटकत होतं. त्याने ते काढून गाडीच्या तोंडात घातलं, पाय रोवले, मला "सरका" म्हणाला आणि सगळा जोर लावला. हँडल लोण्यातून जावं तसं फिरलं आणि सर्जन तोल जाऊन बंपरवर आदळला. मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. त्याने पुन्हा फिरवलं, या वेळी हलक्या हाताने. चार वेढे. आत कुठेतरी हवा सुस्कारली.

"कुणी फिरवतं का हे?" त्याने विचारलं.

मी हँडलकडे बघितलं. गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूवर धूळ होती. फावड्यावर, रिकाम्या डब्यांवर, हुकावरसुद्धा. हँडलची मूठ तेवढी गुळगुळीत आणि चकचकीत होती.

आई दारात येऊन उभी राहिली होती. "फिरवायला लागतंच," ती म्हणाली. "नाहीतर आखडतं."

माझं डोकंच फिरलं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, बरणीचं झाकण मी येईपर्यंत तसंच ठेवते, आणि ही बाई इंजिन फिरवते? "आई, तू हे फिरवत होतीस? म्हणून पडलीस का?"

"मी? माझ्याच्यानं होतंय होय ते!" आणि ती हसत आत निघून गेली.

आई एखादी गोष्ट हसत नाकारते तेव्हा ती तिने केलेलीच असते, हा माझा जन्माचा अनुभव. मी तसंच धरून चालले. कारण सापडलं होतं.

मग काम रोजच्या रोज सुरू झालं. मी रजा टाकली. जुनं तेल काढलं, टाकी धुतली, सर्जनने कार्बोरेटर खोलून वर्तमानपत्रावर मांडला आणि मला प्रत्येक भागाचं नाव दोनदोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. टायर बदलले, नव्या नळ्या घातल्या, सायलेन्सरमधून बाबांचा मोजा ओढून काढला. आई तो धुवून वाळत घालून आली. तिला इतक्या हुशारीत मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. ती खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसायची आणि सर्जनला सूचना करायची. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण ती म्हणायची, "डावीकडचा दिवा जरा हळू, तो हळवा आहे." सर्जनही "बरं आजी" म्हणत हळू करायचा. मला वाटलं, जमतंय. ही येणार माझ्याकडे.

सगळं जुळत आलं तेव्हा सर्जनने ती गोल टोपी उघडली, आतले पॉइंट घासून साफ केले आणि मला हाक मारली. "ताई, रोटर नाहीये. कुणी काढला? उद्या बाजारात बघतो, पण या मॉडेलचा मिळणं कठीण आहे."

मला हसूच आलं. मी आईकडे गेले. "रोटर आहे ना गं तुझ्याकडे?"

"आहे की. डब्यात."

"दे मग."

"आत्ता?" तिने मी काहीतरी अचाट मागितल्यासारखं बघितलं. "संध्याकाळ झालीय. सकाळी देईन."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. सर्जनने टोपी नुसती वर ठेवली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा आई नटून तयार होती. तिचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं. मी बॅगा बाहेर नेऊ लागले. जाता येता स्वयंपाकघराच्या टेबलावर नजर गेली. दोन कप होते. एक आईचा, दुसऱ्यातून वाफ येत होती आणि त्याच्या बशीशेजारी रोटर होता. इतक्या वर्षांनी ते तसंच मांडलेलं. मला वाटलं, सर्जन आला असणार, त्याच्यासाठी ठेवलाय. बॅगा ठेवून परत आले तर कप रिकामा होता आणि रोटर नव्हता.

गॅरेजमध्ये सर्जन नवी बॅटरी जोडत होता. टोपी बसवलेली होती, दोन्ही चाप लागलेले. तो मला बघून म्हणाला, "वा ताई, हात चालतो की तुमचा!" तो सगळ्यांचं कौतुक करतच असतो, मी लक्ष दिलं नाही. त्याने एक प्लग काढून ठिणगी बघितली. निळी, जोरकस. "आता बसा," तो म्हणाला. "पहिला मान घरच्या माणसाचा."

सीट बाबांच्या पायांच्या मापाने पार मागे होतं. मी पुढे ओढून घेतलं तेव्हा कुठे पाय टेकले. आई शेजारी येऊन बसली, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. सर्जन बॉनेट उघडं धरून पलीकडे उभा.

"श्वास रोखा," आई म्हणाली आणि तिने खरंच गाल फुगवले.

मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, थांबला, परत कण्हला. मग एक सिलिंडर पेटलं, दुसरं, आणि सगळी गाडी झोपेतून उठल्यासारखी हलली. गॅरेजभर निळा धूर झाला. आवाज तोच होता. लहानपणी शाळेच्या फाटकाशी शंभर गाड्यांतून मी ओळखायचे तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं.

"सोडा," कुणीतरी म्हणालं आणि मी श्वास सोडला.

सर्जन हातमोजे उडवत नाचत होता. आई अजून गाल फुगवून हसत होती.

तो प्रवास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर प्रवास असेल. सर्जन स्कूटरवरून मागोमाग, वाटेत गाडी थांबली तर असावा म्हणून. लोक वळून बघत होते. एका म्हाताऱ्या पोलिसाने आम्हाला आधी सोडण्यासाठी चौकातली सगळी रहदारी थांबवली. आई प्रत्येक वळणावर मला सांगत होती, "हे इकडून न्यायचे," आणि मी तिकडून नेत होते. गाडी मी बाबांकडूनच शिकले, याच गाडीवर. माझा गिअर अडला की ते कधी ओरडायचे नाहीत, नुसतं माझ्या हातावर हात ठेवून ढकलायचे. त्या दिवशी एकदाही गिअर अडला नाही. इतकी जुनी गाडी, पण हात लावला की पडत होता.

माझ्या घराशी पोचलो. बदामी मी आईच्या नव्या खोलीच्या खिडकीखाली लावली, म्हणजे तिला दिसत राहील. सर्जनने स्कूटरवरूनच हात हलवला आणि तो गेला. मी गाडीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. आईला आत नेलं, पलंग दाखवला, न्हाणीघरातला नवा दांडा दाखवला. ती बराच वेळ दांडा धरून बघत होती. "चांगलं केलंस गं," म्हणाली. मला सगळं मिळालं.

दिवेलागणीला मी तिच्या खोलीत डोकावले. ती सामान लावत होती. मांडीवर बटणांचा डबा होता, झाकणावरचं जहाज पुसट झालेलं. तिने मुठीतलं काहीतरी डब्यात टाकलं आणि ते बटणांवर खट्कन वाजलं.

"काय गं ते?"

"रोटर."

मी डबा घेतला. शर्टाची, कोटाची, माझ्या शाळेच्या गणवेशाची बटणं, आणि वर रोटर. पुसलेला, स्वच्छ.

"कुणी दिला तुला?"

"दिला नेहमीसारखा," आई म्हणाली. "डबा दे इकडे, सांडशील."

सर्जनचाच आगाऊपणा, असं मी स्वतःला म्हटलं आणि त्याला फोन लावला.

"जाताना रोटर काढून आईला दिलात का हो?"

"मी स्कूटरवरून उतरलोसुद्धा नाही, ताई. आणि मी कशाला काढू? सकाळी तुम्ही बसवलात, मी म्हटलं असू दे."

"मी बसवला? तुम्ही बसवलात ना? चहा घेऊन झाल्यावर उचललात…"

"ताई," तो म्हणाला, "मी चहा घेत नाही."

मी बाहेर गेले. अजून पुरता काळोख नव्हता. कुलूप लागलेलं होतं. मी दार उघडून आत बसले आणि किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता फिरत राहिला, इंजिन काही धरेना. उतरून बॉनेट उघडलं, चाप काढून टोपी उचलली. रोटर बसतो तो दांडा मोकळा होता.

टोपी परत बसवताना मला एक गोष्ट जाणवली, म्हणून मी पुन्हा आत जाऊन बसले. किल्ली फिरवताना क्लच दाबायला मला सीटच्या कडेवर घसरावं लागलं होतं. सीट पार मागे गेलेलं होतं.

मी बऱ्याच गोष्टी तपासल्या. सीटचा खटका सैल आहे का, दुसरी किल्ली कुठे आहे, आईला बॉनेट उघडता येतं का. खटका घट्ट होता. दुसरी किल्ली कधीचीच हरवलेली. बॉनेट कुठून उघडतं हे आईला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर तिने डिकी दाखवली. आणि समजा तिने केलं असं धरलं, तरी खटका, कुलूप आणि टोपी, तीनही गोष्टी तिने माझ्या डोळ्यांसमोरून कधी केल्या?

नियमाप्रमाणे गाडी बंद ठेवायला हवी होती. ती बंदच होती. रोटर डब्यात होता, डबा आईपाशी. मी ते तसंच राहू दिलं, कारण आई सुखात होती. ती जेवायला लागली, शेजारच्या बाईंशी तिची गट्टी जमली, मी कामावरून आले की दारातच दिवसभराच्या बातम्या सांगायची. संध्याकाळी खिडकीशी बसून ती हळू आवाजात बोलायची. मी आत गेले की गप्प व्हायची. मी विचारलं नाही. इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी माझी वाट बघत होतं, आणि ते मला हवं होतं.

एकदा तिचे केस विंचरत होते तेव्हा तिने स्वतःच विषय काढला.

"ते म्हणतात, आता लांब जाऊ."

माझा हात थांबला.

"मी म्हटलं, इतक्यात नको. पोरीने एवढी हौसेनं आणलंय. थोडे दिवस राहते तिच्याकडे."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू," आई म्हणाली. "तू नीट जेवत जा गं. फार वाळलीस."

त्यानंतर सकाळी उठल्यावर मी पहिलं टेबल बघायचे. एक कप असला की हायसं वाटायचं. आईशी मी जपून वागायला लागले. तिच्या मनासारखं करायचे, तिच्याशी पत्ते खेळायचे आणि हरायचे. तिला इथून हलावंसं वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

बंद कचेऱ्यांच्या लिफ्ट रविवारीच तपासता येतात. त्या रविवारी मला जायचं होतं. अंघोळ करून बाहेर आले तर आई ठेवणीतले कपडे घालून टेबलाशी बसली होती. केस नीट, पर्स मांडीवर. पायाशी तिची छोटी बॅग.

टेबलावर दोन कप होते.

दुसऱ्यातून वाफ येत होती. बशीशेजारी रोटर.

मला काही विचार करायला वेळच नव्हता. मी पुढे झाले, रोटर उचलला आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

"आज नको," मी म्हटलं. "आई, आज नको."

आईने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"अगं, आणि त्यांनी काय करायचं?"

"बसने जाऊ देत," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाच कळलं नाही. आई आधी चकित झाली, मग खो-खो हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. "अगदी माझ्यावर गेलीस गं," म्हणाली. मग तिने बॅग उचलून खोलीत नेली, आणि कपडे बदलायला लागली.

मी तिला घट्ट मिठी मारून निघाले. शेजारच्या बाईंना तिच्यापाशी बसायला सांगितलं.

बस जवळजवळ रिकामी होती. मी मधल्या बाकावर बसले. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. चेनच्या आत तो तुकडा हाताला लागत होता. संध्याकाळी आई तो मागणार आणि मला द्यावा लागणार, हे मला कळत होतं. फार तर दोन दिवस. बाबांचा बसचा प्रवास त्यापलीकडे कधी गेला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं, की सगळी बस मोकळी असून मी बाकाच्या बाहेरच्या कडेला बसले आहे. खिडकीची जागा मी सोडली होती.

कंडक्टर आला. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्यापलीकडे बघितलं आणि न विचारता दोन तिकिटं फाडली.

मी दोन्ही घेतली. मग मधे कुठे धक्का लागू नये अशा बेताने हात लांब करून खिडकीची काच उघडली.